आजी कशानं गेली?



मी लष्करातून निवृत्त झालेला माणूस. सिग्नल्समध्ये होतो, म्हणजे संदेश पोहोचवणं हेच आयुष्यभराचं काम. शेवटची पोस्टिंग महूला होती, तिथेच घर केलं. इंदूरजवळच्या या छावणीच्या गावात मराठी घरं पुष्कळ आहेत. गणपती होतो, दिवाळी अंक फिरतात, त्यामुळे घरापासून लांब आलोय असं वाटत नाही. या व्याख्यानमालेच्या मंडळींचा फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी सीमेवरच्या गोष्टी सांगेन. मी म्हटलं, मला अँजेलिना जोली यांच्यावर बोलायचंय. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते गृहस्थ म्हणाले, "सर, त्या सिनेमातल्या?" म्हटलं, हो, सिनेमातल्याच.

तुमच्यातल्या काहींनाही आत्ता तसंच वाटलं असेल. म्हातारपणी कर्नलसाहेबांना हॉलिवूड आठवलं! पण थोडं थांबा. या बाईंनी २०१३ साली एक संदेश पाठवला होता. तो माझ्या घरी पोहोचला, माझ्या टेबलावर येऊन पडला, आणि मी तो पाच वर्षं उघडला नाही. त्याची किंमत आमच्या घरातल्या एका मुलीनं मोजली. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी त्यांच्याबद्दल थोडं, कारण आपल्याकडे त्यांची ओळख बहुतेकांना फोटोपुरतीच असते. जन्म १९७५ चा, लॉस एंजेलिसचा. वडील जॉन व्हॉइट, तेही मोठे नट. २००० साली ऑस्कर मिळालं. पुढच्याच वर्षी 'टूम रेडर' आला. त्याच्या चित्रीकरणासाठी कंबोडियाला गेल्या, तिथली निर्वासितांची आणि भूसुरुंगांची स्थिती पाहिली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं काम करू लागल्या. ते काम त्यांनी वीस वर्षांहून जास्त केलं. पुढे स्वतः सिनेमे दिग्दर्शित केले. पहिला कथापट बोस्नियाच्या युद्धावर, २०११ चा. मग 'अनब्रोकन', दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत सापडलेल्या लुई झाम्पेरिनी या अमेरिकन वैमानिक दलातल्या माणसावर. मग कंबोडियावर, तोही तिथल्याच ख्मेर भाषेत. युद्धात सामान्य माणसाचं, विशेषतः बाईमाणसाचं, काय होतं हा त्यांच्या सिनेमांचा विषय. आम्ही फौजेतले लोक युद्धाचे सिनेमे जरा नाक मुरडूनच बघतो, पण 'अनब्रोकन' मी दोनदा पाहिला.

पुण्याशीही त्यांचा एक धागा आहे. २००६ च्या शेवटी 'अ माइटी हार्ट' या सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण पुण्यात झालं. डॅनियल पर्ल या पत्रकाराचं २००२ मध्ये कराचीत अपहरण आणि खून झाला, त्यावरचा हा सिनेमा. कराची म्हणून पुणं दाखवलं होतं. त्यांना बघायला लोकांची गर्दी उसळल्याच्या बातम्या रोज यायच्या. त्या काळात त्यांची आई, मार्शेलिन बर्ट्रांड, अमेरिकेत कर्करोगाशी झगडत होत्या. २७ जानेवारी २००७ ला त्या गेल्या. वय अवघं ५६. म्हणजे आपण सगळे पुण्याच्या रस्त्यावर जिला बघायला धडपडत होतो, तिच्या आईचे तेव्हा शेवटचे काही महिने उरले होते.

आता मूळ गोष्ट. १४ मे २०१३. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यांचा एक छोटा लेख आला. त्यात त्यांनी सांगितलं की त्यांच्या शरीरात बीआरसीए-१ नावाच्या जनुकात दोष आहे. डॉक्टरांच्या अंदाजानं त्यांना स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ८७ टक्के आणि बीजांडकोशाचा कर्करोग होण्याची शक्यता ५० टक्के होती. म्हणून कर्करोग झालेला नसतानाच त्यांनी दोन्ही स्तनांतल्या पेशी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. स्तनांच्या कर्करोगाचा धोका त्यानंतर ५ टक्क्यांच्या खाली आला. वय तेव्हा ३७, पदरात सहा मुलं.

फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत हे उपचार चालले होते आणि बाहेर कोणालाही पत्ता नव्हता. मोठी शस्त्रक्रिया फेब्रुवारीच्या मध्यात झाली. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांत, मार्चच्या शेवटी, या बाई काँगोमध्ये गोमा इथे होत्या. ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांच्याबरोबर त्या युद्धात अत्याचार झालेल्या स्त्रियांना भेटत होत्या. गोमा हे नाव आम्हा लोकांच्या चांगलं ओळखीचं, कारण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतली आपली भारतीय ब्रिगेड तिथेच होती. तो मुलूख कसा आहे, तिथले रस्ते कसे आहेत, हे जाऊन आलेल्यांकडून मी ऐकलेलं आहे. ऑपरेशनचे टाके ओले असताना तिथे जाणं म्हणजे काय, हे फौजी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

सगळं पार पडल्यावर त्यांनी लिहिलं. गप्पही बसता आलं असतं. पण आपल्यासारख्या किती तरी बायका अशा धोक्याच्या सावलीत जगत असतील आणि त्यांना ते माहीतच नसेल, म्हणून लिहिलं. या तपासणीला अमेरिकेत ३ हजार डॉलरपेक्षा जास्त खर्च येतो आणि तो बहुतेकींना परवडत नाही, हेही त्यांनी त्यातच नोंदवलं. स्वतःच्या रूपावर ज्या बाईचं पोट चालतं, तिनं हे उघड सांगणं सोपं नव्हतं.

ही बातमी मराठी वर्तमानपत्रांतही आली. मी तेव्हा सेवेच्या शेवटच्या वर्षात होतो. सकाळी चहा घेताना वाचली आणि म्हणालो, "काय एकेक थेरं असतात या नट्यांची!" माझी पत्नी काही बोलली नाही. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर ते कात्रण माझ्या टेबलावर काचेखाली सरकवून ठेवलेलं.

"अहो, तुमच्या आईंना काय झालं होतं? आणि ताईंना?"

इथे मला माझ्या घरचं सांगायला हवं. माझी आई १९८९ साली गेली, मिरजेला. वय ५२. मी ईशान्येला होतो, तार मिळाली, पोहोचलो तेव्हा एकच दिवस उरला होता. आजार काय, तर 'पोटाचा'. वडील म्हणाले, बायकांचं दुखणं. मी तीस वर्षांचा अधिकारी, पण त्या शब्दांपुढे एक प्रश्न विचारला नाही. बायकांचं दुखणं म्हटल्यावर पुरुषानं आणखी विचारायचं नाही, अशी आमच्या घरची शिस्त. मग माझी थोरली बहीण, ताई. ती लग्न होऊन बडोद्याला. तिला २००४ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला, ४७ व्या वर्षी. २००८ मध्ये ती गेली. दोघींच्या आजारांत १५ वर्षांचं अंतर, दोन वेगळ्या अवयवांचे आजार. कोणी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडल्याच नाहीत.

माझ्या पत्नीनं मांडल्या. ती म्हणाली, "त्या बाईच्या घरात जे झालं तेच तुमच्या घरात झालंय. आपल्याला मुलगी आहे."

मी म्हटलं, "असलंच काही तर ते आईकडून मुलीकडे जाईल. मी पुरुष आहे. माझ्यापाशी येऊन ते संपलं."

पुढे एका ओळखीच्या डॉक्टरांना मी सहज विचारलं. तेही म्हणाले, यात आईकडचं बघतात, वडिलांकडचं फारसं नाही. मला हवं होतं ते उत्तर मिळालं. विषय मिटला. कात्रण मात्र काचेखालीच राहिलं. निवृत्तीनंतर टेबल नव्या घरात आलं, त्याबरोबर कात्रणही आलं.

आता मी जे बोललो ते चूक का होतं, हे नीट समजून घेऊ. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुकं तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्याच शरीरात असतात. बाईच्याही आणि पुरुषाच्याही. त्यांचं काम दुरुस्तीचं. पेशीतल्या डीएनएला रोज काही ना काही इजा होत असते, ती भरून काढायला ही जनुकं मदत करतात. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक प्रत जन्मतः बिघडलेली असेल तर दुरुस्तीची यंत्रणा एकाच प्रतीवर चालते. तीही कधी बिघडली की त्या पेशीत कर्करोग सुरू व्हायला वाट मोकळी होते. हे जनुक १७ व्या गुणसूत्रावर आहे हे मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९९० मध्ये दाखवलं. तोवर स्तनाचा कर्करोग असा घराण्यातून येतो यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता.

१७ वं गुणसूत्र बाईत असतं तसंच पुरुषातही असतं. म्हणजे दोष असलेल्या आईकडून तो मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी, आणि त्या मुलाकडून त्याच्या मुलीकडे जाण्याची शक्यताही निम्मीच. पुरुषाला त्रास होण्याची शक्यता कमी असते. प्रोस्टेटचा, क्वचित स्तनाचाही कर्करोग होऊ शकतो, पण बहुधा तो ठणठणीत असतो. आणि म्हणून घातक असतो. तो दोष घेऊन हिंडतो आणि त्याचा कोणाला संशय येत नाही. ज्या घरात मुलगे जास्त, त्या घरात एखादी पिढी आजार दिसतच नाही. लोक म्हणतात, आमच्याकडे काही नाही. मग नातीला होतो आणि सगळे म्हणतात, कुठून आलं हे?

आम्हाला सिग्नल्समध्ये शिकवतात की ज्या चौकीवरून संदेश पुढे जायचा असतो ती चौकी गप्प बसली, तर पुढचे सगळे अंधारात राहतात. आमच्या घरात ती चौकी मी होतो.

२०१८ च्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला. ताईची मुलगी, पुण्यात असते, तेव्हा ४० वर्षांची. अंघोळ करताना गाठ लागली, तपासण्या झाल्या, कर्करोगच निघाला. हे तिनं मला दोन वाक्यांत सांगितलं आणि मग विचारलं, "मामा, आजी कशानं गेली?"

म्हटलं, "पोटाच्या आजारानं."

"पोटाच्या कुठल्या? डॉक्टर झाडासारखा तक्ता काढतायत. प्रत्येकाचा आजार आणि वय विचारतायत. आईचं मला माहीत आहे. आजीचं कोणालाच माहीत नाही."

माझ्याकडे वडिलांच्या कागदांची एक काळी ट्रंक आहे. त्या रात्री ती उघडली. जमिनीची कागदपत्रं, पेन्शनच्या पावत्या, आणि खाली एका पिवळ्या पडलेल्या पाकिटात आईचं रुग्णालयाचं कार्ड. त्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं, बीजांडकोशाचा कर्करोग. २९ वर्षं तो कागद आमच्या घरात होता. लपवलेला नव्हता. कोणी वाचला नव्हता, इतकंच.

पुढचं सगळं क्रमानं झालं. अशा तपासणीत आजारी व्यक्तीची चाचणी आधी करतात, कारण दोष नेमका कुठे आहे हे तिच्यात सापडलं की बाकीच्यांमध्ये शोधणं सोपं जातं. भाचीत बीआरसीए-१ चा दोष सापडला. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी तिला विचारलं, आईला भाऊ-बहीण कोण? ती म्हणाली, एक मामा. त्यांना मुलगी आहे का? आहे. मग मामांना रक्त द्यायला सांगा.

मी रक्त दिलं. तोच दोष माझ्यातही होता.

नोकरीत मी अवघड बातम्या द्यायची कामं केली आहेत. जवानाच्या घरी जाऊन सांगण्याचीही केली आहेत. पण बंगळुरूला जाऊन स्वतःच्या मुलीसमोर बसणं वेगळं होतं. ती तेव्हा ३२ वर्षांची. तिनं शांतपणे सगळं ऐकलं. आणि मग एकच प्रश्न विचारला, "बाबा, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

मी काचेखालच्या कात्रणाबद्दल सांगितलं. तिनं मनातल्या मनात हिशेब केला असणार, कारण मीही केला होता. २०१३ मध्ये भाची ३५ वर्षांची होती. तेव्हाच मी ट्रंक उघडली असती, तर तिच्या नियमित तपासण्या सुरू झाल्या असत्या. कदाचित गाठ लहान असताना सापडली असती. कदाचित केमोथेरपी टळली असती. कदाचित काहीच फरक पडला नसता. हे 'कदाचित' आता माझ्याबरोबर कायमचं आहे.

भाची आज बरी आहे, तपासण्या चालू असतात. हे सगळं सांगायची परवानगी तिनंच दिली आहे. म्हणाली, "मामा, नाव नका घेऊ, पण ट्रंकेचं नक्की सांगा." माझ्या मुलीच्या चाचणीचा निकाल काय आला, तो मी इथे सांगणार नाही. तो तिचा आहे. सांगायचा तर तिनं सांगायचा.

आता परत जोलीबाईंकडे येतो, कारण घाबरवून तुम्हाला घरी पाठवायचं नाही. त्यांनी दुसरा लेख २४ मार्च २०१५ ला लिहिला. मला तो पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. रक्ताच्या तपासणीत सीए-१२५ ठीक होतं, पण सुजेची काही लक्षणं वाढलेली दिसली. ती अगदी सुरुवातीच्या कर्करोगाची असू शकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढच्या तपासण्यांत कर्करोग सापडला नाही. तरीही त्यांनी दोन्ही बीजांडकोश आणि बीजवाहिन्या काढून घेतल्या. त्यांच्या आईला बीजांडकोशाचा कर्करोग ४९ व्या वर्षी निघाला होता, आणि घरातल्या सगळ्यात लहान वयाच्या रुग्णाच्या साधारण दहा वर्षं आधी ही शस्त्रक्रिया करावी, असा त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला होता. त्या तेव्हा ३९ वर्षांच्या होत्या. कर्करोगानं त्यांनी आई, आजी आणि मावशी अशा तिघी गमावल्या होत्या.

त्या लेखात त्यांनी दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. एक, चाचणीत दोष निघाला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया असा अर्थ नाही. स्तनांच्या बाबतीत एमआरआय आणि मॅमोग्राफीनं नियमित लक्ष ठेवता येतं, काहींना औषधं देता येतात. ज्याचं त्यानं डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. बीजांडकोशाचं मात्र तसं नाही. तिथला कर्करोग लवकर पकडणारी खात्रीची तपासणी आजही नाही. म्हणून मुलंबाळं झाल्यावर शस्त्रक्रियेचा सल्ला जास्त दिला जातो. दुसरी गोष्ट, या शस्त्रक्रियेनं पाळी कायमची जाते, शरीरात बदल होतात, आणि तेही त्यांनी न लाजता लिहिलं. रजोनिवृत्ती हा शब्द आपल्याकडे घरात किती वेळा उच्चारला जातो, विचार करा.

या लेखांचा परिणाम किती झाला? मोजलेला आहे. ब्रिटनमध्ये जून-जुलै २०१३ मध्ये कौटुंबिक कर्करोगाच्या क्लिनिकांकडे पाठवल्या जाणाऱ्या स्त्रियांची संख्या आदल्या वर्षीच्या अडीच पट झाली. अमेरिकेत लेख आल्यानंतरच्या १५ कामाच्या दिवसांत बीआरसीए चाचण्या ६४ टक्क्यांनी वाढल्या. पण त्याच अभ्यासात दिसलं की चाचणी केलेल्यांमध्ये शस्त्रक्रियांचं प्रमाण वाढलं नाही, उलट थोडं कमी झालं. म्हणजे ज्यांना फारसा धोका नव्हता अशा पुष्कळ बायकाही चाचणीला गेल्या असाव्यात. आणखी एका अमेरिकन पाहणीत सुमारे ७५ टक्के लोकांना ही बातमी माहीत होती, पण धोक्याचा अर्थ नीट समजलेले १० टक्केही नव्हते. आमच्या भाषेत सांगायचं तर संदेश पोहोचला, पण त्याचा उलगडा अर्धवट झाला. टीकाकारांचा मुद्दा यात खरा आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

खर्चाचं काय झालं, तेही सांगतो. अमेरिकेत ही जनुकं एका कंपनीनं पेटंट करून ठेवली होती, म्हणून चाचणी महाग होती. लेखानंतर बरोबर महिन्यानं, १३ जून २०१३ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला की निसर्गात जसा आहे तसा डीएनए कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही. तो खटला २००९ पासून चालू होता, त्याचं श्रेय जोलीबाईंचं नाही. पण त्यानंतर इतर प्रयोगशाळा उतरल्या आणि किमती खाली आल्या. आज आपल्या देशातही ही चाचणी अनेक ठिकाणी होते. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात कर्करोगाच्या आनुवंशिकतेचं खास क्लिनिक आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा खुलासा. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच असे घराण्यातून आलेले असतात. बाकीच्या ९० टक्क्यांचा याच्याशी संबंध नाही. म्हणून माझं ऐकून सगळ्यांनी उद्या चाचणीला धावायचं कारण नाही. आणि 'आमच्या घरात कोणाला नाही' म्हणून लागलेली गाठ अंगावर काढायची, हेही तितकंच चूक. आपल्या देशात २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग निघाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्यानं गेल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. इतक्या जणी जातात याचं एक मोठं कारण उशीर.

हा उशीर कमी करायला हॉलिवूडचा पैसा लागत नाही, हे मुंबईनं दाखवलं आहे. १९९८ पासून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तिथल्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या भागात खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासणी करायच्या. यंत्र नाही, काही नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. ५० वर्षांवरच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याखालच्या वयात तसा फायदा दिसला नाही, पण ५० च्या पुढच्या आई, सासू, मावशीसाठी एवढी साधी गोष्ट पुरते. तिला तपासणीला घेऊन जायचं, बस.

या बाई आजही थांबलेल्या नाहीत. २०२५ मध्ये आलेल्या 'कुतूर' या फ्रेंच दिग्दर्शिकेच्या सिनेमात त्यांनी स्तनाचा कर्करोग निघालेल्या एका दिग्दर्शिकेचीच भूमिका केली. जे आयुष्यभर टाळायचा प्रयत्न केला, ते पडद्यावर जगून दाखवलं.

शेवटी तुमच्याकडून एक काम हवंय, आणि ते मी मुद्दाम पुरुषांना सांगतोय. एक कोरा कागद घ्या. तीन पिढ्या लिहा, वडिलांकडच्या आणि आईकडच्या. कोणाला कुठला कर्करोग झाला आणि कितव्या वर्षी, एवढंच. 'पोटाचा' असं लिहू नका, पोटातला कुठला ते विचारा. काकू, आत्या, मामी यांना जुन्या गोष्टी जास्त माहीत असतात. सणावाराला भेटाल तेव्हा विचारा, फोनवर विचारा. पन्नाशीच्या आत कोणाला स्तनाचा, कुठल्याही वयात बीजांडकोशाचा, किंवा एकाच बाजूला दोघा-तिघांना झालेला दिसला, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. काहीच दिसलं नाही तर कागद जपून ठेवा, नातवंडांना उपयोगी पडेल.

माझ्या टेबलावर काचेखाली ते कात्रण अजून आहे. त्याच्या शेजारी आता आमचा तक्ता आहे. एक प्रत पुण्याला भाचीकडे, एक बंगळुरूला मुलीकडे. सगळ्यात वर माझ्या आईचं नाव आहे, आणि पुढे माझ्या अक्षरात लिहिलंय: बीजांडकोशाचा कर्करोग, १९८९, वय ५२.

हे लिहायला मला एकोणतीस वर्षं लागली. तुम्ही इतका वेळ घेऊ नका.